पंख्याचा सा

सावद्याच्या वजनकाट्यावर रात्रपाळीला मी असतो.
केळीच्या गाड्या येतात, लोखंडावर उभ्या राहतात,
आकडा थरथरतो, मग ठरतो.
चालही अशीच ठरते, असं मी एकदा लिहिलं
तर अमळनेरहून हिलालआप्पा बडगुजरांनी कळवलं :
उपमा राहू दे. चाल पाठव.

आम्ही चौघं. शिकलेलं कुणीच नाही.
आप्पा रेल्वेत होते, उभ्या मालगाडीच्या कडेनं चालत
हातोडीनं एकेक चाक वाजवायचे
आणि तडा कुठे आहे ते कानानं सांगायचे.
फैजपूरची मंदाकिनी फेगडे ब्लाउज शिवते.
रुबाब तडवी यावलच्या पुढे, जंगलनाक्यावर
दांडी वर करतो, दांडी खाली करतो,
मधल्या वेळात बासरी.

दर शनिवारी एकेक चाल, स्वतःची, फोनवर.
नियम एकच : 'छान' लिहायचं नाही.
तो मंदाकिनीचा. तिच्या पहिल्या चालीला
आम्ही तिघांनी 'छान' म्हटलं होतं
आणि ती आठवडाभर बोलली नव्हती.

तेव्हापासून खरं लिहितो.
मी तिला लिहिलं, अंतरा बाहीत घट्ट होतोय.
सैल केला तर खांद्यावरून उतरेल, ती म्हणाली,
आणि दोन दिवसांनी, न सांगता, पाव इंच सोडला.
रुबाबला सगळे म्हणतात, संपव रे बाबा कुठेतरी.
तो म्हणतो, माझ्याकडे रस्ता संपत नाही, नुसता अडतो.

वैशाखात एका रात्री वीज गेली.
काटा बॅटरीवर, मी घामात,
फोन पावतीबुकावर उभा करून नवी चाल गायलो.
वर्षातली सगळ्यात चांगली, मला वाटलं.
पहाटे आप्पांचं उत्तर :
'भाऊ, आज चाल बोडकी वाटस.
तुन्या मांगे जे व्हतं, ते कोठे गयं?'

दहा वेळा ऐकली.
शब्द जागेवर, ताल जागेवर,
स्वर मात्र उतरत गेलेला,
दगड न लावलेली ट्रॉली उतारावर सरकते तसा,
इतका हळू की बसलेल्याला कळू नये.
मंदाकिनीनं एवढंच विचारलं : पंखा बंद होता का?

पंखा.
जाळी सुतळीनं बांधलेला, तेलाचा थेंब न पाहिलेला,
वर्षभर माझ्या पाठीशी सा धरून बसलेला,
आणि मी समजत होतो, सूर माझा आहे.

मग भुसावळहून जुनी पेटी आणली.
तिचा सा जागचा हलत नाही.
चाल पाठवली. तिघांनीही, आपसात न ठरवता,
एकच लिहिलं : बरोबर आहे.
'छान'पेक्षा वाईट शब्द असतो हे तेव्हा कळलं.
पेटी आता कपाटावर. वर डबे ठेवलेत.

काल रुबाबनं काही वाजवलंच नाही.
नाक्यावरची रात्र पाठवली नुसती, चार मिनिटं :
रातकिडे, दांडीची कुरकुर,
लांब कुणाच्यातरी मळ्यात चालू असलेली मोटार,
आणि शेवटी त्याचा आवाज,
'यात तुझी चाल बसव.'

बसवतोय.
मोटारीचा सूर माझ्या पंख्याच्या बराच खाली.
तिथे उतरायचं तर गळ्याच्या त्या खोलीत जावं लागतं
जिचं दार मी कधी उघडलं नाही.
गंजलेलं आहे, पण आवाज येतो.

गाडी येते. पावती फाडतो, तोंडात चाल तशीच.
ड्रायव्हर बऱ्हाणपूरचा, संध्याकाळी रिकामी गाडी तोलून गेलेला,
आता भरून आलाय.
पावती घेतो, पण निघत नाही.
'मघाशी ते वर जात होतं ना?'
बोटानं हवेत चढ काढून दाखवतो.
'आता खाली नेलं. मुद्दाम?'

मागची गाडी हॉर्न देते.
मी आकड्याकडे बघतो.
तो अजून थरथरतोय.